पुढच्या डाव्या चाकाचा खडखडाट

१

व्हीलकॅपमधून घरंगळून चाकाचा नट बदरुद्दीनच्या तळहातावर पडला.

नारायणगावच्या शाळेचं फाटक समोरच होतं. बारा पोरं अजून व्हॅनमध्ये बसलेली. फाटकाकडे वळताना गाडी अगदी हळू झाली, आणि तेवढ्यात पुढच्या डाव्या चाकातून तो आवाज आला होता. खड, खड, खडड. पंधरा-वीस दिवस बदरुद्दीन तो ऐकत होता, पण संध्याकाळी. सकाळी आज पहिल्यांदाच. म्हणून त्याने खाली उतरून चाकावरचं प्लास्टिकचं झाकण ओढून काढलं होतं.

चाकाला चार नट. एका जागी नुसता बोल्ट दिसत होता. शेजारच्या नटाला त्याने हात लावला, तर तो बोटांनीच फिरला.

"मंगलताई," तो म्हणाला, "पोरांना उतरवून घ्या. हळू. धक्का नका देऊ गाडीला."

मंगल म्हणजे व्हॅनवरची मदतनीस. तिने पोरं उतरवली, आणि मग तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. "अगं बाई! आपण असंच आलो खोडदपासनं?"

नेमके गेणभाऊ फाटकापाशी होते. पालकांच्या समितीचे ते प्रमुख, आणि नातवाचा डबा द्यायला आलेले. त्यांनी वाकून चाक पाहिलं, मोबाईलवर फोटो काढला आणि तिथल्या तिथे पालकांच्या ग्रुपवर टाकून दिला.

"बदरू, हे आपोआप व्हत न्हाई," ते म्हणाले. "कुनीतरी नट ढिलं केल्यात. संध्याकाळी पोरं घरी पोचली की खोडदच्या ग्रामपंचायतीपुढं सभा. तोवर कळलं कुनी केलं, तर ठीक. न्हाई कळलं तर उद्यापासनं तुझी गाडी बंद."

"आणि चिंचमळ्याची पोरं?"

चिंचमळा ही खोडदच्याही पलीकडची वस्ती. तिथे जायला शेतांमधली सगळ्यांच्या वहिवाटीची पाणंद, आणि पाणंदीच्या दोन्ही अंगांना ऊस. त्या उसात बिबट्याची मादी पिल्लं घेऊन राहिली होती. व्हॅन नसेल तर त्या वस्तीवरून शाळेला कोणी येणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

२

खोडदला कल्याणी रोकडे राहतात. गावात त्यांना सगळे कल्याणीबाई म्हणतात, पोरं नुसतंच बाई. त्यांची सगळी नोकरी रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात झाली. त्या थाळीसारख्या अँटेना आकाशातून येणारे इतके क्षीण संदेश टिपतात, की शिवारातली एखादी ठिणगी उडवणारी मोटार किंवा सैल पडलेली वायरसुद्धा त्यांना गोंगाट वाटते. असा नको असलेला गोंगाट कुठून येतो ते गावोगाव हिंडून शोधायचं, हे कल्याणीबाईंचं काम. आता निवृत्त झाल्यावर दर रविवारी त्या ओसरीत पोरांना विज्ञान शिकवतात. व्हॅनमधली निम्मी पोरं त्यांच्याकडे येतात.

बदरुद्दीनने राहिलेले नट करकचून आवळले, रिकाम्या जागी सापडलेला नट बसवला आणि तडक त्यांच्याकडे आला. ओसरीच्या पायरीवर बसला, पण चहाला हात लावला नाही.

"बाई, कुनी केलं ते शोधा. मला तर सावळारामचाच संशय येतोय. मंगळवारी खोडदला गाडीपाशी उभा व्हता."

"कुणी केलं ते मागाहून," बाई म्हणाल्या. "आवाज कधी येत नाही, ते आधी सांग."

"कधी येत न्हाई?"

"हं. येतो तेव्हाचं सगळेच सांगतात."

बदरुद्दीन विचार करायला लागला. "सकाळी येत न्हाई. आजचा दिवस सोडला तर कधीच न्हाई. संध्याकाळी शाळेपासनं खोडदपर्यंत न्हाई. खोडदला थांबतो, बरीचशी पोरं तिथं उतरतात. तिथनं निघालो की एकदोनदा खडखड ऐकू येते, मग डांबरीवर गाडीनं वेग घेतला की गप्प. पाणंदीला लागलो, गाडी बैलगाडीच्या चालीनं चालली की सुरू. जरा दामटली की परत गप्प."

"दामटल्यावर गप्प? नक्की?"

"अल्लाची शपथ. म्हनून तर मंचरच्या गॅरेजवाल्यानं मला खुळ्यात काढलं. मी गेलो सकाळी. त्यानं जॅकवर चाक उचललं, हातानं फिरवलं, हलवून बघितलं. काय न्हाई. हायवेला पळवली. काय न्हाई. म्हनला, गाडी नवी हाय, तुमचं कान जुनं झाल्यात."

"चाक उघडलं त्यानं?"

"न्हाई. उघडायची गरजच न्हाई म्हनला."

"पाणंदीत आवाज आला की तू थांबून बघत नाहीस?"

"त्या उसात? पोरं आत बसलेली असताना? न्हाई थांबत, बाई. पोरं उतरल्यावर बघतो, तवर काय नसतं."

बाईंनी व्हीलकॅप मागून घेतली. तिची कड एका बाजूने झिजून पांढरी पडली होती. रोज कोणीतरी तिथेच बोटं घालून ओढावी, तशी. आतल्या खोबणीत धूळ होती, आणि धुळीत नखाएवढा एक करडा तुकडा. बाहेरून गुळगुळीत, आतून पांढरट.

"खडीचा असंल," बदरुद्दीन म्हणाला.

खडी इतकी गुळगुळीत कधी असते? बाईंनी तुकडा कागदात गुंडाळून ठेवला.

"सकाळचा आवाज आणि रोजचा आवाज, दोन्ही सारखेच होते?"

"अगदी डिट्टो."

बाई एकदम उठल्या. "चल. आधी तुझ्या सावळारामकडे."

३

सावळाराम खोडदच्या फाट्यावर आपल्या जुन्या जीपला टेकून उभा होता. गेल्या वर्षापर्यंत शाळेची पोरं याच जीपमधून जायची. मग पालकांनी विजेवरची नवी व्हॅन घ्यायची ठरवलं, ती बदरुद्दीनने घेतली आणि सावळारामच्या हातून हे काम गेलं.

"या, या," तो बदरुद्दीनकडे न पाहता म्हणाला. "ग्रुपवर फोटो आलाय. खाली मंडळींनी माझं नावबी घातलंय. बेड्या आनल्या का, बाई?"

"मंगळवारी तू व्हॅनपाशी उभा होतास म्हणे."

"व्हतो. रस्ता सरकारी हाय."

"काय करत होतास?"

"ऐकत व्हतो!" सावळाराम उसळून म्हणाला. "गाडी निघाली आनि चाक बोललं. मी म्हनलं, लई भारी नवी गाडी! माझी जीप वाजायची तर लोक हसायचं, खटारा म्हनायचं. पन खटारा ओढा वलांडायचा तवाच चिंचमळ्याला कळायचं, पोरं आली. ही गाडी म्हंजी मांजर. कवा आली कवा गेली पत्ता न्हाई."

"हॉर्न आहे की तिला."

"हॉर्न!" बदरुद्दीन मध्येच म्हणाला. "वनखात्यानं मनाई केलीय, बाई. पिल्लांची मादी बिथरंल म्हनत्यात. आनि फोन लावावा तर वस्तीवर रेंज न्हाई."

"मंगळवारी गाडी थांबलेली असताना," बाईंनी सावळारामला विचारलं, "तुला चाकापाशी कोणी दिसलं?"

"मी पलीकडच्या अंगाला व्हतो. डायवरच्या बाजूला. डावं चाक मला दिसतच न्हाई." त्याने आता पहिल्यांदा बदरुद्दीनकडे नजर वळवली. "आनि बदरू, तुझ्या गाडीचं वाईट करायचं असतं ना, तर पोरं बसायच्या टायमाला न्हाई केलं. माझी बी व्हती ती पोरं. आठ वर्षं."

बदरुद्दीनने मान खाली घातली. पण परत जाताना तो पुटपुटला, "बोलायला काय जातंय."

बाईंनी ते कानाआड केलं. त्या डाव्या बाजूचा विचार करत होत्या. व्हॅनचं दार डावीकडे असतं.

४

बदरुद्दीनचा मुलगा अनस अंगणात व्हॅन धूत होता. वय बावीसच्या आसपास, आयटीआय झालेला. रोज सकाळ-संध्याकाळ गाडी हाताळणारा त्याच्या वडिलांशिवाय तोच.

"अनस, गाडीला काय झालं असेल असं तुला वाटतं?"

"काही नाही झालेलं. मी अब्बांना पहिल्यापासून सांगतोय. बेअरिंग ठीक आहे, डिस्कवर ओरखडा नाही, ब्रेकचे पॅड अजून निम्म्याच्या वर आहेत. हा कुणाचा तरी खोडसाळपणा आहे."

"पॅड निम्म्याच्या वर आहेत?"

"हो."

"बरं." बाईंनी चाकाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "चाक न काढता या गाडीचे पॅड दिसतात का रे?"

अनसच्या हातातला पाण्याचा पाइप तसाच वाहत राहिला. अंगणात चिखल झाला. घरातून त्याच्या आईचा, ताहेराचा, आवाज आला, "अरे पाणी बंद कर! काय तळं करतोस?"

त्याने नळ बंद केला, आणि वडील दोन हातांवर असताना, त्यांच्याकडे न पाहता तो बोलू लागला. "काल संध्याकाळी काढलं मी चाक. अब्बा रोज झोपेत कण्हत होते. म्हटलं आपणच बघू. आत काही नव्हतं. चाक परत चढवलं, जॅकवर असतानाच नट हाताने बसवले. गाडी खाली घेतल्यावर आवळायचे असतात. तेवढ्यात मावशी आली म्हणून आत गेलो, आणि..."

"आनि तसंच झाकण लावलंस," बदरुद्दीन म्हणाला. आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच अनस मागे सरला. "बारा पोरं, अनस."

"अब्बा, सकाळी ग्रुपवर फोटो पाहिला तेव्हा सांगणार होतो. पण तोवर खाली सावळारामकाकांचं नाव आलं होतं, आणि मी..."

"आनि तू तसंच राहू दिलंस!"

बदरुद्दीनचा हात वर गेला. बाई मध्ये उभ्या राहिल्या.

"संध्याकाळी सभेत हाच सांगेल, सगळ्यांच्या देखत. ते मारापेक्षा अवघड आहे. पण बदरुद्दीन, नीट ऐक. तुझं कोडं अजून सुटलेलं नाही. नट कालपासून ढिला होता. तुझा आवाज त्याच्या कितीतरी आधीपासून येतोय. सभेत हा प्रश्न पहिला येईल. गेणभाऊच विचारतील."

घड्याळात तीन वाजले होते. शाळा पाचला सुटणार होती.

५

शाळेकडे जाताना बाई व्हॅनमध्ये मागे, मंगलच्या शेजारी बसल्या.

"खोडदला गाडी थांबते तेव्हा तुम्ही कुठं असता?"

"मी आनि बदरूभाऊ दोघंबी खाली," मंगल म्हणाली. "पोरांना रस्ता वलांडून द्यावा लागतो. लई भरधाव येत्यात ट्रक. भाऊ हात करून गाड्या थांबवत्यात, मी पोरं नेते. मग परत येतो."

"तेवढ्यात व्हॅनमध्ये कोण राहतं?"

"चिंचमळ्याची तिघं-चौघं. तेजस्विनी असते की. सातवीतली, शहानी पोर हाय. बारक्यांना सांभाळते."

"आणि चिंचमळ्याला उतरल्यावर?"

"तिची आजी द्रौपदाबाई येते न्यायला. पोरांना तिच्या हवाली केल्याबिगर आमी हलत न्हाई. तशी काय अडचन न्हाई. फकस्त तेजी उतरली की नाडी बांधत बसते चाकापाशी. रोजचं हाय. म्या म्हनलं, बाई, तुला वेल्क्रोचा बूट घेऊन देते, पन उठ!"

शाळा सुटली. पोरं गलका करत आली आणि बाईंना पाहून गप्प झाली.

बाईंनी एकेकाला विचारलं. चाकाच्या अगदी वर बसणारा ऋषी म्हणाला, "कुठला आवाज, बाई?" त्याच्या मागची मुलगी म्हणाली, "आम्ही गाणी म्हणत असतो ना, त्यामुळे कळत नाही." तिसऱ्याने खिडकीबाहेर बघितलं. तेजस्विनी म्हणाली, "नवीन गाडीला कशाला आवाज येईल?"

पोरांच्या सहवासात ज्यांनी वर्षं काढली आहेत, त्यांना हे वाचून थोडं हसू येईल. गाडीत ढेकूण निघाला तरी पोरं आठवडाभर त्याची गोष्ट सांगतात. फाट्यावर उभ्या माणसाला ऐकू येणारा खडखडाट त्या चाकावर बसणाऱ्या एकालाही ऐकू येत नाही, हे कसं?

बाईंनी मनाशी एकेक गोष्ट लावून पाहिली. बेअरिंग बिघडलं तर वेगाबरोबर आवाज वाढतो. हा वेगाने मरत होता. पाणंदीचे खड्डे कारण असते, तर त्याच पाणंदीने सकाळीही खडखडलं असतं. आज सकाळी झाकणात सुटा नट होता आणि आवाज हुबेहूब तोच आला. म्हणजे रोज संध्याकाळीही झाकणात काहीतरी सुटं असणार. चाक हळू फिरताना ते वर जातं आणि खाली आदळतं. चाक जोरात फिरलं की कडेला दाबून बसतं आणि गप्प होतं. पाण्याची बादली गरगरा फिरवली की पाणी सांडत नाही, तसंच. ते खोडदला आत जातं, चिंचमळ्याला बाहेर येतं. आणि ते दाराच्या बाजूच्या चाकात असतं.

इथवर बाईंना जे ठाऊक झालं ते सगळं तुम्हालाही ठाऊक आहे. कोण, आणि कसं, हे तुम्ही ओळखलंच असेल. पण कशासाठी, ते बाईंना अजून कळलं नव्हतं. ते काढून घेण्याची त्यांची जुनी पद्धत होती. गोंगाट शोधायला त्या एकेक यंत्र बंद करून बघायच्या. हाही आवाज बंद करून पाहायचा आणि काय होतं ते बघायचं, असं त्यांनी ठरवलं.

ती चूक होती.

६

खोडदला व्हॅन थांबली. बदरुद्दीन आणि मंगल पोरांना घेऊन रस्त्यापलीकडे गेले. बाई खाली उतरल्या आणि डाव्या चाकाला टेकून उभ्या राहिल्या.

दारात तेजस्विनी आली. बाईंना पाहून थांबली. "बाई, तुम्ही आत बसा ना. थंडी आहे."

"मी बरी आहे."

"बाई, तुम्हाला मंगलमावशी बोलावतायत."

"नाही बोलावत."

तिचा हात फ्रॉकच्या खिशात होता आणि मूठ आवळलेली होती. मागून ऋषीने तिला हळूच विचारलं, "तायडे, आता?" तिने मूठ आणखी आवळली आणि ती जागेवर जाऊन बसली.

व्हॅन निघाली. डांबरी संपली, पाणंद लागली. थंडीचे दिवस, सूर्य नुकताच मावळला होता आणि उसात काळोख साठायला लागला होता. गाडी हळू झाली. बदरुद्दीन कान देऊन बसला. चाक फिरत होतं आणि एकही आवाज नव्हता. उसाची पाती गाडीला घासत होती, तेवढंच.

"न्हाई आला," बदरुद्दीन म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. "बाई, न्हाई आला!"

मागे कोणीतरी हुंदका दिला. ऋषी रडत होता. दुसरं पोर सीटवर गुडघ्यांवर उभं राहून समोरच्या काचेतून बघत होतं. पंधरा दिवस जी पोरं खडखडाटात गाणी म्हणत होती, ती त्या शांततेला घाबरली होती.

"बाई, गाडी थांबवा," तेजस्विनी ओरडली. "आवाज पाहिजे! आजी येऊन बसली असेल!"

तिने मूठ उघडली. पाच सागरगोटे. करडे, गुळगुळीत, दगडासारखे टणक. मुली झेलून खेळतात ते. एकाचं कवच फुटलेलं होतं.

ती धाप लागल्यासारखी भराभरा सांगू लागली. जीप होती तेव्हा आजीला घरातच कळायचं आणि ती खाली यायची. नवी गाडी आली आणि आजीला काही कळेना. उशीर नको म्हणून ती दिवस असतानाच येऊन बसायला लागली. गाडी जिथे थांबते तिथे, उसाच्या कडेला, एकटी. दिवाळीनंतर मादी त्याच बांधावर दिसली. मग पोरांनीच आवाज केला. आजीला सांगितलं, चाक वाजलं की निघ, त्याआधी घर सोडू नकोस. "आणि आज वाजलंच नाही. अंधार पडला, पोरं आली नाहीत, म्हणून ती बघायला खाली आली असेल!"

बदरुद्दीनने ब्रेक दाबला.

"किती लागतं टाकायला?" बाईंनी विचारलं.

"काहीच नाही लागत."

बाई तिच्याबरोबर उतरल्या आणि ऊस पाठीशी घेऊन उभ्या राहिल्या. तेजस्विनीने झाकणाची कड ओढली, गोटे आत सोडले, तळव्याने झाकण दाबलं. दोघी परत आत आल्या. मंगलने दार लावलं.

खड. खड. खडड.

पुढे वळण होतं. वळणापलीकडे पाणंद अरुंद होत गेली होती, दोन्हीकडचा ऊस वाटेवर आलेला. व्हॅन त्यापुढे जात नसे. गाडी वळली आणि दिव्यांचा उजेड बांधावर पडला.

द्रौपदाबाई तिथेच होती. बांधावर उकिडवी बसलेली, अंगाभोवती घोंगडी, मान गुडघ्यांत, पाठ उसाकडे. तिच्या मागे, बैलजोडीच्या लांबीएवढ्या अंतरावर, उसाच्या तोंडाशी दोन हिरवे ठिपके चमकले आणि जमिनीलगत स्थिर झाले.

बदरुद्दीनचा हात हॉर्नकडे गेला.

"नको," बाई कुजबुजल्या. "दचकली तर उडी घेईल. असाच चल. हळू. आवाज तुटू देऊ नकोस."

बसलेला माणूस बिबट्याला माणूस वाटत नाही, एखादं लहान जनावर वाटतो. हे त्या भागातल्या पोरासोरालाही माहीत असतं. तेजस्विनीने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते.

खड, खड, खडड. खड, खड, खडड.

द्रौपदाबाईने मान वर केली. आवाज ओळखला. काठी टेकली, गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूहळू, कण्हत, सबंध उभी राहिली.

हिरवे ठिपके विझले. ऊस सळसळला, ती सळसळ दूर गेली आणि थांबली.

"आलात का रं?" म्हातारी उजेडात डोळे बारीक करून म्हणाली. "आज लई उशीर केला. का पंक्चर झालती?"

त्या संध्याकाळी बदरुद्दीनने म्हातारीला आणि पोरांना एकटं सोडलं नाही. गाडीला कुलूप लावून सगळे एकत्र, बॅटऱ्या पेटवून, मोठ्याने बोलत वस्तीपर्यंत चालत गेले. तेजस्विनीच्या आईला सारं सांगितलं. मग तेजस्विनी स्वतःच म्हणाली, "मी सभेला येते." वस्तीवरची बाकी मंडळीही त्यांच्याबरोबर निघाली.

७

ग्रामपंचायतीपुढे सतरंज्या पसरल्या होत्या. बदरुद्दीनला लोक बस म्हणाले, तो बसला नाही. भिंतीपाशी उभा राहिला.

आधी अनस बोलला. काहीही वगळलं नाही. सावळारामचं नाव त्याने दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा हात जोडले.

"झालं?" सावळाराम म्हणाला. "आता ग्रुपवर टाका. माझा फोटो पन टाका, चांगला काढून." काही जण हसले. गेणभाऊ हसले नाहीत.

"नटाचं कळलं," ते म्हणाले. "पंधरा दिवसांच्या आवाजाचं काय?"

कल्याणीबाईंनी आवाज कसा होत होता ते सांगितलं. "आणि आज मी तो बंद पाडला," त्या म्हणाल्या. "कारण कळायच्या आधीच. त्यामुळे द्रौपदाबाई आज जिवानिशी जात होत्या. पोरांना बोलायच्या आधी मला बोला." मग त्या खाली बसल्या आणि तेजस्विनी उभी राहिली. सभेतल्या बायका पदर तोंडाला लावून ऐकत होत्या.

"पोरी," बदरुद्दीन भिंतीपासून म्हणाला, "गाडीच्या चाकाला हात लावायचा नसतो. मला सांगायचं व्हतंस."

"सांगितलं होतं, काका. दिवाळीच्या सुट्टीनंतर. आजीला कळायला पाहिजे, हॉर्न वाजवा, असं मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, मनाई आहे."

"मंग?"

"मग तुम्ही गाडी वळवली."

बदरुद्दीनला ते आठवलं. मग आजीला कळणार कसं, हा पुढचा प्रश्न त्याने विचारला नव्हता, सभेत बसलेल्या कोणीही विचारला नव्हता.

"आता गाडीचं बोला," मागून कोणीतरी म्हणालं. "ठेवायची का बंद?"

"मी सांगतो," बदरुद्दीन म्हणाला. "रोज निघायच्या आधी नट मी स्वतः बघीन, अनस न्हाई. पण म्हातारी रोज उसाच्या कडेला येनार असंल, तर मी त्या वाटेनं गाडी घालत न्हाई. आज बघितलं ते परत बघायची माझी छाती न्हाई. गाडी दारापर्यंत गेली पायजे. पोरं अंगनात उतरली पायजेत. आनि वळनापुढं गाडी जात न्हाई, कारन पाणंद राहिलेलीच न्हाई. तिच्यावर ऊस हाय."

तो ऊस कोणाचा ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. एकेक करत माना वळल्या आणि गेणभाऊंवर येऊन थांबल्या.

गेणभाऊंनी टोपी काढली. तिची घडी घातली, परत मोडली. दरवर्षी नांगरताना वीतभर पुढे, वीतभर पुढे, असं करत पाणंद कधी आपल्या उसात गेली, हे त्यांचं त्यांनाही आठवत नसावं.

"तोडीला अजून दोन महिनं हाईत," ते म्हणाले.

पुढच्या सतरंजीवर ऋषी आईच्या मांडीवर झोपून गेला होता, बूट पायात तसेच.

"कोयतं हाईत ना घरोघर?" गेणभाऊ खेकसले. "का मी एकट्यानंच तोडायचा? उद्या सकाळी या. दोन्ही अंगाच्या दोन-दोन सऱ्या मोकळ्या करू, पार चिंचमळ्याच्या अंगनापर्यंत. आनि बदरू, संध्याकाळी गाडी दारात लाव. मी स्वतः येतो बघायला."

बायकांकडून पहिला हात वर गेला, द्रौपदाबाईच्या सुनेचा. मग सावळारामचा. मग एकामागोमाग सगळे.

तेव्हा कुठे बदरुद्दीन भिंत सोडून सतरंजीवर बसला.